आधी पाणी कोणाचं ते ठरवा, मग खोल्या बांधा

आमच्या आजोळच्या गावाचं मुंबईत मंडळ आहे, शिमग्याआधी त्यांची एक मीटिंग होते, यंदाही झाली. वर्गणी, पालखीचा मार्ग, सभामंडपाचे गळके पत्रे हे सगळं अर्ध्या तासात उरकलं आणि पुढचा दीड तास एकाच विषयावर भांडण झालं, गावातल्या गरम पाण्याच्या कुंडाचा विकास करायचा की नाही. एक गट म्हणत होता फंड आणा, कुंडाला टाईल्स लावा, वर शेड, बाजूला वीस खोल्यांचं रिसॉर्ट, हायवे जवळ आहे, विरार-नालासोपाऱ्याला दहा बाय दहाच्या खोलीत राहणारी आपली पोरं गावाला परत येतील. दुसरा गट म्हणत होता हात लावू नका, आहे तसं राहू द्या, उद्या इथे बाटल्या आणि डीजे येतील, आपलं लोणावळा होईल. दोन्हीकडची माणसं पोटतिडकीने बोलत होती आणि दोन्हीकडे माझे नातेवाईक आहेत, म्हणून गावाचं नाव इथे लिहीत नाही. पण दीड तासात एकानेही विचारलं नाही की हे पाणी येतं कुठून, किती येतं, दहा वर्षांपूर्वी किती यायचं आणि कायद्याने ते आहे कोणाचं. माझं म्हणणं सरळ आहे. रिसॉर्ट हवं की नको हा नंतरचा प्रश्न. झऱ्याचं संरक्षण आणि पाण्यावरचा हक्क हे आधी कागदावर ठरू दे, तोवर तिथे एक चिरा लावू नका, आणि ते ठरलं तर खोल्या बांधायला माझा काडीचाही विरोध नाही.

डिसेंबरात मी तिथे चार दिवस होते. पहाटे साडेपाचला मामीबरोबर बॅटरी घेऊन पाणंदीने खाली उतरायचं, दोन्ही बाजूला ऐन-किंजळीचं रान, पानांवरून दव टपटप पडत असतं, आणि वाफ दिसायच्या आधी वास येतो, अंडं उकडल्यावर येतो तसला हलकासा. जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधलेलं चौकोनी कुंड, एका कोपऱ्यात दगडाच्या फटीतून बुडबुडे वर येतात, तिथे पाय ठेवला तर चटका बसतो आणि समोरच्या कोपऱ्यात गेलात की सोसवतं. मामी आधी बाहेर तांब्याने हातपाय धुते, पाण्याला हात जोडते, मग उतरते. वरच्या वाडीतल्या एक आजी गुडघे बुडवून पायरीवर बसलेल्या, मला म्हणाल्या, "बस गो बाय, घाई करू नको, हाडं शेकू दे." पहाट बायकांची आणि उजाडलं की पुरुषांची, असा नियम आहे, कुठे लिहिलेला नाही पण मोडत कोणी नाही. साबण वरच्या पायरीच्या आत आणायचा नाही हाही नियम, तो मात्र आता मोडला जातो, शनिवार-रविवार तर सर्रास. आणि मामी सांगते की तिच्या लग्नाच्या वेळी उभं राहिलं तर पाणी छातीपर्यंत यायचं, आता कमरेला लागतं. दोन वर्षांपूर्वी थोड्या अंतरावरच्या एका प्लॉटवर बोअर मारला, त्याला कोमट पाणी लागलं. त्या बोअरमुळे कुंड उतरलं का? उतरलं असं सिद्ध करता येत नाही आणि नाही उतरलं असंही सिद्ध करता येत नाही, कारण त्या कुंडाचं पाणी तोवर कोणी मोजलेलंच नव्हतं. मला या सगळ्या वादात सगळ्यात जास्त खटकतं ते हे.

आपल्याकडे या झऱ्यांबद्दल दोन गोष्टी ठरलेल्या असतात, एक म्हणजे खाली गंधकाची खाण आहे आणि दुसरी म्हणजे हे देवाचं पाणी आहे ते कधी आटायचं नाही. श्रद्धेला मी हात लावत नाही, मीही हात जोडूनच उतरते. पण भूशास्त्र सांगतं ते समजून घ्यायला हवं. कोकणात पालघरच्या कोकनेरपासून राजापूरच्या उन्हाळ्यापर्यंत, सह्याद्री आणि समुद्राच्या मधल्या तीनशेहून जास्त किलोमीटरच्या चिंचोळ्या पट्ट्यात गरम झऱ्यांची अशी रांगच आहे. अकलोली, गणेशपुरी, सातिवली, पालीजवळचं उन्हेरे, महाडजवळचं सव, दापोलीकडचं उन्हवरे, मग तुरळ, राजवाडी, आरवली. गावांची नावं तरी बघा, उन्हेरे, उन्हवरे, उन्हाळे, ज्यांनी नावं ठेवली त्यांनी गावाची ओळख पाण्याच्या ऊनपणावरून ठेवली. उन्हवऱ्याचं पाणी 70 अंशांच्या घरात जातं, तुरळचं 60 च्या आसपास. इथे खाली जागृत ज्वालामुखी वगैरे काही नाही, आपला बेसॉल्ट म्हणजे लाव्ह्याचा काळा खडक साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तो कधीच थंड झालाय. घाटावर आणि कोकणात पडणारा पाऊस खडकातल्या खोल भेगांमधून खाली मुरतो, जसं खाली जावं तसं जमीन तापत जाते, साधारण किलोमीटरला पंचवीस-तीस अंश, ते पाणी तिथे तापतं आणि दुसऱ्या एखाद्या भेगेने वर येतं. म्हणजे आज मामीच्या पायाला लागलेलं पाणी हे कधीतरी डोंगरावर पडलेला पाऊस आहे, आणि त्याचा येण्याचा रस्ता म्हणजे खडकातली एक फट. तो रस्ता आपल्याला दिसत नाही, कुठून वळलाय माहीत नाही, आणि एकदा हलला तर परत जागेवर आणायची कोणाकडे युक्ती नाही.

एवढं कळल्यावर मग टाईल्स की जांभा, शेड की मोकळं आभाळ हा वाद किती वरवरचा आहे ते लक्षात येतं. कुंड म्हणजे नळाखाली ठेवलेली बादली. आपण बादलीच्या रंगावरून भांडतोय आणि पाइप कोणाच्या परसातून येतो ते कोणी बघत नाही.

आता विकासवाल्यांचं म्हणणं. ते मी टोलवून लावणार नाही, कारण त्यांचा सगळ्यात जोरदार मुद्दा खरा आहे, गावात काम नाही. भात पावसाळ्यापुरता, काजू-आंब्याचं कलम ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे आहे, बाकीच्यांनी मुंबई गाठायची, हे आज शंभर वर्षं चाललंय. गरम कुंडाच्या जिवावर चार घरांत होमस्टे झाले, दोन बायकांनी घावणे आणि चहा विकला, एखाद्या पोराची रिक्षा चालली, तर त्यात वाईट काय? दुसरा मुद्दा त्याहून खरा आहे. बाहेरून येणाऱ्या बाईला कपडे बदलायला जागा नाही, शौचालय नाही, ओल्या साडीने झाडामागे उभं राहायचं. "आहे तसंच राहू द्या" म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी हे केलंय? तिसरा मुद्दा ते जपानचा देतात, की बघा, जपानने गरम पाण्यावर अख्खी गावं उभी केली, आपण कुंडात म्हशी धुतो.

जपानचं उदाहरण मला मान्य आहे, फक्त कुठलं जपान ते सांगा. तोक्योच्या उत्तरेला किनुगावा म्हणून गरम पाण्याचं गाव आहे, नदीच्या घळीत. कंपन्यांच्या सहली यायच्या त्या काळात तिथे नदीच्या काठाने एकाला एक चिकटून मोठमोठी काँक्रीटची हॉटेलं उठली, बसेस भरून माणसं येत होती, कर्जं मिळत होती. मग 1990 च्या दशकात मंदी आली, सहली बंद झाल्या, हॉटेलं एकामागून एक बुडाली, आणि त्यातली कित्येक आजही फुटक्या खिडक्यांनी घळीवर उभी आहेत, पाडायला खर्च कोणी करायचा हे ठरत नाही म्हणून. आपल्या मीटिंगमध्ये जो वीस खोल्यांचा प्लॅन दाखवला तो छोटा किनुगावाच आहे. पैसा बाहेरचा, गिऱ्हाईक बसने येणारं, आणि गावाला काय तर वॉचमनची नोकरी.

त्याच देशात क्यूशू बेटावर कुमामोतो प्रांतात कुरोकावा आहे, ते बघा. डोंगरात, झाडीत लपलेलं छोटं गाव, मधून नदी, तीसेक लॉज. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तिथे फारसं कोणी फिरकत नव्हतं. लोकांना उघड्यावरची, झाडाखालची कुंडं आवडतात हे एका लॉजवाल्याच्या लक्षात आलं, त्याने स्वतः बनवलं, इतरांनाही शिकवलं. पण दोन लॉज असे होते की त्यांच्याकडे उघडं कुंड बांधायला जागाच नव्हती. आपल्याकडे काय झालं असतं? त्या दोघांचं नशीब म्हणून सोडून दिलं असतं, नाहीतर त्यांच्या जागा कोणीतरी स्वस्तात उचलल्या असत्या. तिथे गावाने 1986 मध्ये एक लाकडी पास काढला, तिथल्याच सीडार नावाच्या झाडाच्या फांदीची चकती, दोरी लावून गळ्यात घालायची, आणि ती घेऊन कुठल्याही लॉजच्या पाहुण्याने कुठल्याही तीन लॉजच्या कुंडात उतरायचं. ज्यांच्याकडे कुंड नाही त्यांचाही धंदा चालला पाहिजे म्हणून सगळ्यांनी आपापली कुंडं उघडली. पासाच्या पैशातून गावाच्या संघटनेने झाडं लावली, प्रत्येकाने आपापल्या नावाचे मोठमोठे बोर्ड लावले होते ते सगळे काढून टाकले. त्यांच्याकडे म्हणतात की अख्खं गाव म्हणजे एक लॉज, रस्ता हा त्याचा व्हरांडा आणि प्रत्येक लॉज ही एकेक खोली. जपान बघा म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते की हे बघा, यातला प्रत्येक निर्णय पाणी सामाईक ठेवण्याचा आहे, टाईल्सचा त्यात कुठे संबंधच नाही. आणि हे जमलं त्याच्या पाठीशी एक कायदा होता. जपानने 1948 मध्येच गरम झऱ्यांसाठी वेगळा कायदा केला, त्यात गरम झरा कशाला म्हणायचं त्याची व्याख्या आहे आणि गरम पाण्यासाठी बोअर मारायचा तर प्रांताच्या गव्हर्नरची परवानगी लागते, आधीच्या झऱ्याचं पाणी, उष्णता किंवा त्यातले क्षार यावर परिणाम होणार असेल तर परवानगी नाकारता येते. 1948 म्हणजे युद्ध हरून तीन वर्षं झालेली, शहरं जळालेली, खायला नाही, आणि त्या माणसांना वाटलं की झऱ्यांचा कायदा आत्ताच व्हायला पाहिजे.

आपल्याकडे काय आहे? गरम झऱ्यांसाठी असा वेगळा कायदा नाही. जमीन ज्याची, त्या जमिनीखालचं पाणी त्याने उपसावं, हे तत्त्व इंग्रजांच्या 1882 च्या सुविधाधिकार कायद्यापासून चालत आलंय. राज्याचा 2009 चा भूजल कायदा आहे, तो चांगला आहे, पण त्याचा मुख्य जीव पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांत अडकलेला आहे आणि ते बरोबरही आहे, आपलं कुंड पिण्याचा स्रोत नाही त्यामुळे ते मधल्या मधे राहतं. म्हणजे आज कोणी कुंडाशेजारची पाच गुंठे विकत घेतली आणि खोल बोअर मारून गरम पाणी स्वतःच्या स्विमिंग पुलात घेतलं तर गावाच्या हातात काय आहे? निवेदन द्यायचं.

कोणी म्हणेल एका बोअरने काय होतंय, एवढं अफाट पाणी आहे खाली. न्यूझीलंडच्या रोटोरुआमध्येही असंच म्हणत होते. तिथे उकळत्या पाण्याचे फवारे आहेत, पोहुतू नावाचा त्यातला सगळ्यात प्रसिद्ध, तिथले मूळचे माओरी लोक पिढ्यान्पिढ्या त्या पाण्यावर रांधतात, आंघोळ करतात. शहर वाढलं तसे घरं आणि मोटेलं गरम करायला शेकडो बोअर पडले, प्रत्येकाचा एकच, आणि फवारे मंदावायला लागले, काही बंद पडले. शेवटी 1986 मध्ये सरकारने पोहुतूपासून दीड किलोमीटरच्या आतले सगळे बोअर बंद करायला लावले, लोक चिडले, हिवाळ्यात घरं थंड पडली. पण खालच्या पाण्याची पातळी परत चढली आणि पोहुतू वाचला. सगळे फवारे मात्र परत आले नाहीत. हे उदाहरण मला दोन्ही बाजूंनी महत्त्वाचं वाटतं, एकेक बोअर मिळून झरा मारतात हेही दिसतं आणि वेळेवर आवरलं तर तो सावरतो हेही.

आणि धोका शेजारच्या प्लॉटवरूनच येतो असंही नाही. बोहेमियात, आजच्या चेक देशात, टेप्लिट्झ म्हणून गरम पाण्याचं नावाजलेलं गाव होतं, राजेरजवाडे यायचे, 1812 मध्ये संगीतकार बीथोव्हन आणि जर्मन कवी गटे यांची भेट झाली ती तिथेच. 1879 च्या फेब्रुवारीत काही किलोमीटरवरच्या एका कोळशाच्या खाणीत खोदताना पाणी फुटलं, खाण बुडाली, माणसं मेली, आणि थोड्याच दिवसांत टेप्लिट्झचा मुख्य झरा कोरडा पडला. पाणी संपलं नव्हतं, खाली सरकलं होतं, मग विहीर खणून त्याच्यामागे खाली जायला लागलं. खाणवाल्याला झरा बंद पाडायचा नव्हता, त्याच्या डोक्यातही नव्हतं. आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर हिमाचलमधलं तत्तापानी आहे, सतलजच्या काठचे गरम झरे, संक्रांतीला तिथे मोठी यात्रा भरते, ते मूळ झरे कोलडॅमच्या जलाशयाखाली गेले. तेव्हा आमच्या मंडळात कोणी म्हणतं की आपण काही बांधलंच नाही म्हणजे झरा सुरक्षित, तर मला विचारावंसं वाटतं, हायवेसाठी डोंगर कापला जातोय, सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी माळावर, चिऱ्याच्या खाणी आहेत, सुरुंग लागतात, ते तुमच्या गप्प बसण्याने थांबणार आहे का?

इथे मी दुसऱ्या गटाकडे येते. "हात लावू नका" म्हणणाऱ्यांबद्दल मला जास्त माया आहे हे कबूल करते, कारण गणेशपुरी-वज्रेश्वरीला मी लहानपणापासून जातेय. चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेत नवस बोलला, 1739 मध्ये किल्ला पडला आणि वज्रेश्वरीचं देऊळ उभं राहिलं, गणेशपुरीला नित्यानंद स्वामी राहिले त्यामुळे देशभरातून माणसं येतात, तानसा नदीच्या काठाने कुंडं आहेत. त्या भागातल्या कित्येक घरांची चूल या येणाऱ्या माणसांवर पेटते, हे बघितलं की विकासवाल्यांना नुसतं लोभी म्हणता येत नाही. आणि सुट्टीच्या दिवशी तिथल्या एखाद्या कुंडात किती माणसं, किती शॅम्पूच्या पुड्या, पाण्यावर तेलाचा कसा तवंग येतो हे बघितलं की आपल्या गावात हे नको म्हणणारा माणूस चुकीचा वाटत नाही. पण त्यांच्या म्हणण्यात एक मोठी चूक आहे, ते गृहीत धरतात की आज आहे ते तसंच राहणार. कोणाच्या भरवशावर? कुंडाभोवतीच्या जमिनीचे सातबारे मुंबईत-पुण्यात फिरताहेत, एजंट दर महिन्याला गावात असतो. रील बघून येणाऱ्यांना आपण बोलावलं नव्हतं, ते आलेच. साबणाचा न लिहिलेला नियम जोवर सगळे एकमेकांना ओळखत होते तोवर चालला, अनोळखी माणसाला तो कोण सांगणार आणि कुठल्या अधिकाराने? बाहेरच्या माणसांसमोर न लिहिलेला नियम म्हणजे नियमच नाही. काहीच ठरवायचं नाही म्हटलं की जो आधी पैसे घेऊन येतो तोच ठरवतो, आणि मग तेव्हा हेच लोक म्हणणार की बघा आम्ही सांगत होतो.

मीटिंगमध्ये मी हे सगळं मांडलं तेव्हा मागून एकाने विचारलं, आणि तो प्रश्न मला अजून सोडत नाहीये. तो म्हणाला, "ताई, पाणी गावाच्या हातात म्हणताय ते ठीक, पण गाव म्हणजे कोण?" तो खालच्या वाडीतला. त्याच्या आजीच्या काळात त्या वाडीतल्या माणसांनी कुंडात उतरायचं नाही, खाली पऱ्याला म्हणजे ओढ्याला जे पाणी वाहून येतं तिथे आंघोळ करायची, असं होतं. म्हणजे माझी मामी ज्या न लिहिलेल्या नियमांचं कौतुक सांगते, त्या नियमांत हाही एक नियम होता. मी हे तोपर्यंत ऐकलं नव्हतं आणि मला त्याची लाज वाटली. गावकी म्हटलं की तिथे मानकरी आले, भावकी आली, कोणाचा शब्द चालतो आणि कोणी मागे बसायचं हे आलं. सामाईक पाण्याचा मुद्दा मांडणाऱ्याला हा आक्षेप टाळून पुढे जाता येत नाही.

पण मला वाटतं याच आक्षेपातून माझं म्हणणं जास्त पक्कं होतं. सवचे गरम झरे महाडपासून फार लांब नाहीत, आणि पाणी कोणाचं हा प्रश्न या देशात महाडइतका स्पष्टपणे कुठेच विचारला गेला नाही. 1923 मध्ये समाजसुधारक सी. के. बोल्यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव आणला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले, महाडच्या नगरपालिकेने तो मान्यही केला, कागदावर. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब हजारो माणसांना घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले, तेव्हा कुठे कळलं की कागदाचा अर्थ काय. आणि त्यानंतर विरोधक कोर्टात काय म्हणत गेले? की तळं सार्वजनिक नाही, खाजगी आहे, आमची वहिवाट आहे. तो दावा चालत राहिला आणि मुंबई हायकोर्टाने 1937 मध्ये तो फेटाळला. म्हणजे पाण्यापासून माणसाला लांब ठेवायचं असेल तर दोनच शब्द वापरले जातात, वहिवाट आणि खाजगी. गावकी पहिला वापरत होती, रिसॉर्ट दुसरा वापरेल. माझ्या मागे बसलेल्या त्या भावाची आजी वहिवाटीमुळे बाहेर राहिली, त्याची मुलगी तिकिटामुळे बाहेर राहील, पाचशे रुपये माणशी. म्हणून मी म्हणते की नियम लिहून काढा, आणि पहिलं वाक्य हे लिहा की या गावात राहणाऱ्या कोणालाही या कुंडात उतरायला कधीही पैसे पडणार नाहीत आणि कोणालाही अडवता येणार नाही. हे वाक्य मानकऱ्यालाही बांधेल आणि मॅनेजरलाही.

राहिला खर्चाचा मुद्दा, की हे सगळं बोलायला ठीक, पैसा कुठून आणायचा. मला सांगा, यातल्या कुठल्या गोष्टीला कोटी लागतात? ग्रामसभेचा ठराव फुकट होतो. कुंडाच्या भोवती एक हद्द ठरवायची, तिच्या आत नवीन बोअर नाही, सुरुंग नाही, हद्द किती ठेवायची ते भूजल विभागाच्या माणसाला बोलावून, आणि तो ठराव घेऊन तहसील आणि जिल्ह्याच्या मागे लागायचं, कारण ग्रामपंचायतीच्या एकट्या ठरावाने बोअरची गाडी थांबत नाही हेही मला ठाऊक आहे. बायकांसाठी चार भिंती आणि दोन शौचालयं, उताराच्या खालच्या बाजूला, झऱ्याच्या वर नाही. अंग धुवायला बाहेर दोन नळ, साबण तिथेच, स्वच्छ होऊन मगच कुंडात, जपानमध्ये करोडो माणसं हे रोज करतात आणि मामी त्याच्याही आधीपासून तांब्याने करतेय. कुंडाच्या तळाला सिमेंट अजिबात नाही. ते मी का म्हणते तर आमच्याच भागात एका ठिकाणी हौसेने तळ पक्का केला, बुडबुड्यांची फट बुजली, आणि पावसाळ्यानंतर गरम पाणी कुंड सोडून दहा-बारा पावलांवर शेताच्या बांधातून निघायला लागलं, कुंडात मात्र शेवाळलेलं गार पाणी. पाणी आपली वाट शोधतं, कंत्राटदाराचं बिल तोपर्यंत निघालेलं असतं. आणि येणारी माणसं गावातल्या घरांमध्ये राहू देत, ज्याच्याकडे जागा नाही त्याच्यासाठी कुरोकावासारखं काहीतरी सामाईक काढू, सकाळचा नाष्टा एका वाडीकडे, वाटाड्या दुसऱ्या वाडीकडे. दहा वर्षांनी गावाला वाटलं वीस खोल्या पाहिजेत तर बांधा की, तेव्हा निदान माहीत असेल की झरा किती माणसं पेलतो.

मोजायचं कसं, हे मीटिंगमध्ये सगळ्यात शेवटी कोणीतरी विचारलं, जरा हसतच. कुंडाच्या खालच्या अंगाला एक चिरा आहे, त्यावरून जास्तीचं पाणी पऱ्याला पडतं, एवढ्या एकाच धारेने. डिसेंबरात निघायच्या दिवशी मी मामीची दहा लिटरची बादली त्या धारेखाली धरली आणि मोबाईलवर वेळ लावली. तीनदा केलं. एकोणीस सेकंद, वीस, परत एकोणीस. स्वयंपाकघरातला थर्मामीटर नेला होता, तो फटीजवळ सोडला तर 54 दाखवला. वहीत तारीख घालून लिहिलं आणि वही मामीच्या फडताळात ठेवली, आरतीच्या पुस्तकांशेजारी. दर महिन्याच्या पंधरा तारखेला ती हेच करते, जानेवारीत वीस सेकंद आले, फेब्रुवारीत बावीस, पावसाळा लांब आहे त्यामुळे हे होणारच, खरं काय ते वर्षभराचे आकडे आल्यावर कळेल. मार्चपासून बादली धरायला खालच्या वाडीतला तो भाऊही येणार आहे, त्याचा मेसेज आला होता, वेळ पहाटेची की उजाडल्यावरची एवढंच त्याने विचारलं होतं.